जीपीआरच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही? आधी मातीकडे बघा

जमिनीखालचे पाइप आणि केबल शोधायला जीपीआर, म्हणजे भूवेधी रडार, ढकलत फिरणाऱ्यांकडून एकच तक्रार मी अनेक वर्षं ऐकतोय: "मशीन बिघडलंय, खालचं काही दिसत नाही." मग केबल बदलली जाते, बॅटरी बदलली जाते, मशीन दुरुस्तीला जातं आणि जसंच्या तसं परत येतं. माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक प्रकरणांत मशीन ठणठणीत होतं. जमीन ओली होती, चिकण होती किंवा खारट होती. काही वेळा तिन्ही होती.

मी स्वतः ज्या क्रमानं तपासतो तोच क्रम इथे देतोय. फुकटात होणारं आधी, खर्चाचं आणि कष्टाचं नंतर. मधल्या पायऱ्या गाळू नका, कारण सातव्या पायरीवर डोकं आपटून घेतलेला माणूस बऱ्याचदा पहिल्या पायरीवरच चुकलेला असतो.

लक्षणं

- वरचे ३० ते ५० सेंमी स्वच्छ दिसतात आणि त्याखाली नुसती करडी दाणेदार धूळ. गेन (सिग्नल मोठा करून दाखवण्याचं सेटिंग) वाढवला तर धूळच ठळक होते, नवं काही उमटत नाही.
- पाइप दिसतो, पण खणल्यावर खोली सपशेल चुकलेली निघते. माझ्या मते सगळ्यांत धोकादायक लक्षण हेच. कारण पुढे येईल.
- गेल्या खेपेला स्पष्ट दिसलेली लाइन आज त्याच जागी गायब.
- स्क्रीनभर सारख्या अंतरावर आडवे पट्टे, वरपासून खालपर्यंत.
- जिकडे तिकडे लहान लहान कमानी (पाइप आडवा ओलांडला की स्क्रीनवर अशीच कमान येते), त्यातली पाइपाची कोणती ते कळत नाही.
- साइटच्या अर्ध्या भागात उत्तम चित्र आणि पुढे रेघ मारल्यासारखं बंद. हे दिसलं तर मशीनवरचा संशय लगेच सोडा. रेघ ओलांडली म्हणून मशीन बिघडत नाही. तिथे माती बदललेली असते.

१. शेवटचा पाऊस कधी पडला?

पहिला प्रश्न हाच. पाऊस, शेताला किंवा बागेला दिलेलं पाणी, गळका नळ, टँकरनं मारलेलं पाणी, काहीही चालेल. मशीन गाडीतून उतरवण्याआधी विचारा.

पाण्याला इतकं महत्त्व का? रडारची लहर हवेत नॅनोसेकंदाला (सेकंदाच्या अब्जाव्या भागाला) ३० सेंमी धावते. कोरड्या वाळूत तिचा वेग साधारण १५ सेंमीवर येतो, ओल्या चिकणमातीत ६ वर आणि निव्वळ पाण्यात ३.३ वर. हे ज्या गुणधर्मामुळे घडतं त्याला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात. तो हवेचा १, कोरड्या वाळूचा ३ ते ५ आणि पाण्याचा सुमारे ८० असतो. मातीच्या कणांचा आकडा लहान आणि पाण्याचा प्रचंड, त्यामुळे मिश्रणात पाणी किती यावरच सगळं ठरतं. टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन यांनी १९८० साली जे समीकरण मांडलं ते आजही वापरात आहे. त्यानुसार मातीत घनफळाच्या १० टक्के पाणी असेल तर हा आकडा ५ च्या थोडा वर येतो आणि ४० टक्के असेल तर २५ च्या आसपास. माती तीच, जागा तीच, फक्त पाऊस पडून गेला.

वाळूत निचरा लवकर होतो, दोन दिवस थांबलात तरी फरक दिसतो. चिकणमातीला आठवडे लागू शकतात. वरची पापडी वाळून फुटली म्हणून आतली माती वाळली असं धरून चालू नका. पेरभर उकरून बघा.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे बर्फ. १९२९ साली डब्ल्यू. स्टर्न यांनी ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीची जाडी रेडिओ लहरींनी मोजली, तेव्हा माती कुठे आडवी आलीच नाही. गोठलेलं पाणी या लहरींना पाण्यासारखं अडवत नाही, बर्फाचा डायइलेक्ट्रिक आकडा ३ च्या थोडा वर असतो. १९७२ मध्ये अपोलो १७ च्या यानानं चंद्राभोवती फिरता फिरता पृष्ठभागाखाली एक किलोमीटरहून खोलचे थर टिपले, कारण चंद्राची जमीन कोरडी ठाक आहे. त्या खोलीच्या गोष्टी ऐकून आपल्या चिखलातल्या मशीनकडून तीच अपेक्षा ठेवली जाते, म्हणून हे सांगितलं. अर्थात तिथली वारंवारताही आपल्या मशीनपेक्षा कितीतरी खाली होती.

२. माती हातात घ्या

यालाही पैसे लागत नाहीत. मूठभर माती घ्या, खडे काढा, थोडं पाणी घालून कणकेसारखी मळा. मग अंगठा आणि तर्जनीत दाबत तिची पट्टी पुढे सरकवत न्या.

पट्टी बनतच नसेल, माती कुरकुरत मोडत असेल, तर रेताड. सुखानं स्कॅन करा. पट्टी अडीच सेंमीच्या आत तुटली तर पोयटा, काम होईल. अडीच ते पाच सेंमी टिकली तर चिकण पोयटा, इथे खोली कमी मिळणार हे आधीच कबूल करा. पट्टी पाच सेंमीपेक्षा लांब गेली, गुळगुळीत झाली, बोटाला चिकटून राहिली, तर ती चिकणमाती. पुढच्या सगळ्या पायऱ्या करूनही इथे मर्यादा राहणारच.

चिकणमाती लहर खाते ती नुसत्या ओलाव्यामुळे नाही. तिच्या अतिसूक्ष्म कणांचं एकूण पृष्ठफळ प्रचंड असतं आणि त्या पृष्ठावर विद्युतभारित आयन चिकटून बसलेले असतात. ओलावा मिळाला की ते हलू लागतात, माती वीजवाहक होते आणि लहरीची ऊर्जा उष्णता बनून विरून जाते. त्यातही फरक आहे. भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी काळी माती सगळ्यांत वाईट, कारण तिच्यात माँटमोरिलोनाइटसारखी खनिजं असतात. केओलिनाइट जास्त असलेली माती तितकी त्रास देत नाही. म्हणून "चिकणमाती आहे" एवढ्यावर थांबू नका, ती फुगणारी आहे का तेही बघा. जमिनीवर खोल भेगा असतील तर उत्तर मिळालंच. त्या भेगांमधली हवासुद्धा लहर परत फेकते, त्यामुळे कोरड्या दिवसांत अशा जमिनीत खोट्या कमानींची रांग उभी राहते.

खारटपणा डोळ्यांना दिसतो तेव्हा पांढरा थर म्हणून दिसतो, पण दिसेलच असं नाही. समुद्राजवळची भरावाची जमीन, चोपण जमीन, खतांचा मारा झालेली जमीन, सांडपाणी मुरलेली जागा, हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकलेला रस्ता, या सगळ्यांत वाळू असली तरी रडार आंधळं होऊ शकतं.

मातीची विद्युतवाहकता मोजायचं साधन हाताशी असेल तर एक आडाखा लक्षात ठेवा: ३५ ला वाहकतेच्या आकड्यानं भागा (मिलिसीमेन्स प्रति मीटर). उत्तर म्हणजे ढोबळमानानं मिळू शकणारी खोली, मीटरमध्ये. वाहकता १० असेल तर साडेतीन मीटर. ५० असेल तर ७० सेंमी. १०० असेल तर ३५ सेंमी, म्हणजे दीड मीटरवरच्या पाइपासाठी मशीन गाडीतून उतरवूच नका. आडाखाच आहे हा, अँटेनाचीही (लहर सोडणाऱ्या आणि परत घेणाऱ्या भागाचीही) स्वतःची मर्यादा असते. पण ग्राहकाला "दोन मीटरपर्यंत दाखवतो" असा शब्द देण्याआधी हा भागाकार केला असता तर माझे स्वतःचे कितीतरी वाईट दिवस टळले असते.

३. अँटेना जमिनीला टेकलाय का?

उंच गवत, खडी, पालापाचोळा, चाकांखाली आलेले दगड. अँटेना आणि जमीन यांच्यात हवेची फट वाढली की ऊर्जा खाली उतरण्याऐवजी पृष्ठभागावरूनच परत फिरते. ती फट चालता चालता कमीजास्त होत असेल तर चित्र आणखी गढूळ होतं. गवत कापा, खडे बाजूला करा. अर्ध्या तासाचं काम असतं.

डबक्यावरून मशीन नेलं की आडवे पट्टे येतात. धातूच्या झाकणावरून नेलं तरी येतात. पट्टे थोड्याच अंतरात दिसून गेले तर काळजी नाही. संपूर्ण लाइनभर असतील तर अँटेनाचा तळ बघा. तिथे ओल्या चिखलाचा थर चिकटलेला असतो आणि कुणाचं लक्ष नसतं.

चाकही इथेच बघून घ्या. अंतर मोजणाऱ्या चाकावर चिखल बसला की घेर वाढतो, ओल्या गवतावर चाक घसरतं. जमिनीवर टेप धरून २० मीटर चाला आणि मशीन किती दाखवतं ते बघा. १९ दाखवत असेल तर तुमची प्रत्येक खूण सरकलेली आहे.

४. सेटिंग: ज्यात लोक सगळ्यांत जास्त फसतात

टाइम विंडो, म्हणजे परत येणाऱ्या लहरीची मशीन किती वेळ वाट बघतं ते, आधी बघा. मशीन खोली मोजत नाही, वेळ मोजतं. लहर खाली जाऊन परत यायला किती नॅनोसेकंद लागले तेवढंच त्याला कळतं. दोन मीटर खोलीसाठी वेग १२ (सेंमी प्रति नॅनोसेकंद) असेल तर सुमारे ३३ नॅनोसेकंद लागतात. तुम्ही विंडो ३५ ठेवली, सगळं छान चाललं. पाऊस पडला, वेग ६ वर आला. आता त्याच ३५ नॅनोसेकंदांत लहर जेमतेम १०५ सेंमीपर्यंत जाऊन परत येते. दीड मीटरवरचा पाइप विंडोच्या बाहेर गेला. "काल दिसलेली लाइन आज गायब" या तक्रारीत मी सर्वांत आधी हेच बघतो आणि अनेकदा इथेच काम संपतं. ओल्या जमिनीत विंडो दुप्पट करा.

गेनबद्दल थोडक्यात. गेन म्हणजे आवाज मोठा करण्याचं बटण. आलेलं मोठं करतो, न आलेलं आणत नाही, आणि फार वाढवला तर सिग्नलची टोकं कापली जातात. दाणे जास्त असतील तर गेनऐवजी स्टॅकिंग वाढवा. एकाच जागी १६ वेळा घेतलेली नोंद सरासरीत आणली की गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल ४ पट सुधारतो. बदल्यात सावकाश चालावं लागतं.

पार्श्वभूमी काढून टाकणारा फिल्टर आडवे पट्टे साफ करतो म्हणून सगळे तो चालूच ठेवतात. पण तुम्ही पाइपाच्या डोक्यावरून त्याच्याच दिशेनं चालत असाल तर तो पाइपही आडव्या पट्ट्यासारखाच उमटतो आणि फिल्टर त्यालाही पुसून टाकतो. एकदा फिल्टर बंद करून कच्चं चित्र बघा. भूजलपातळीही आडवीच दिसते. जाड वाळूत ती ठळक रेघ असते, बारीक मातीत पाणी केशनलिकांतून वर चढलेलं असतं म्हणून ती पुसट होते. तिला पाइप समजू नका.

५. वेग चुकला तर खोली चुकते

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

मशीनमध्ये डायइलेक्ट्रिकचा एक आकडा भरलेला असतो, नाहीतर "कोरडी माती", "ओली माती" अशी यादी असते. मागच्या साइटवर ६ ठेवला होता, तो तसाच राहिला. आजच्या ओल्या मातीचा खरा आकडा २५ आहे. मशीन वेग १२ धरतं, लहर प्रत्यक्षात ६ नं धावते. स्क्रीनवर केबल १ मीटर खोल दिसते आणि प्रत्यक्षात ती ४९ सेंमीवर असते.

चुकीची दिशा बघा. ओली जमीन कोरडी समजलात तर मशीन खोली वाढवून सांगतं. खणणाऱ्याला वाटतं अजून अर्धा मीटर मोकळा आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात मी अशीच एक खोली लिहून दिली होती. खोदणाऱ्या यंत्राचा दात केबलच्या वेष्टनाला घासून थांबला. चालक तरुण होता, त्याला काही झालं नाही. तेव्हापासून माझ्या कोणत्याही अहवालात वेग कसा काढला हे लिहिल्याशिवाय खोलीचा आकडा जात नाही.

वेग काढायचा कसा? पाइप आडवा ओलांडला की स्क्रीनवर कमान येते, तिला आपण हायपरबोला म्हणतो. कोरड्या जमिनीत ती पसरट असते, ओल्या जमिनीत अरुंद आणि उभट. मशीनमधली रेखीव कमान त्या खऱ्या कमानीवर बसवा, दोन्ही पाय नीट जुळेपर्यंत आकडा हलवा. जुळला की तोच तुमचा वेग. मात्र पाइप काटकोनातच ओलांडलेला हवा. तिरपा ओलांडला तर कमान खऱ्यापेक्षा पसरट दिसते, वेग जास्त निघतो आणि खोली पुन्हा वाढीव येते. म्हणजे चूक परत त्याच धोकादायक बाजूला.

एक कमान बसवून समाधान मानू नका. तीन-चार जागी बसवा. एखाद्या कमानीचा वेग ३० च्या जवळ आला तर ती जमिनीतली नाहीच. डोक्यावरची तार, बाजूचा खांब, कुंपण, उभी गाडी यांच्यावरून हवेतून आलेलं परावर्तन आहे ते. गाडी लांब लावा आणि पुन्हा चाला.

यापेक्षाही चांगला उपाय म्हणजे खोली ठाऊक असलेली वस्तू. चेंबरचं झाकण उघडून आत जाणाऱ्या पाइपाची खोली टेपनं मोजा (चेंबरमध्ये उतरू नका, आत विषारी वायू किंवा प्राणवायूची कमतरता असू शकते). मग चेंबरपासून मीटरभर लांब त्याच पाइपावर स्कॅन करा आणि खोली जुळेपर्यंत आकडा बदला. ही पायरी पंधरा मिनिटं घेते आणि तिच्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचाच नाही. ज्ञात पाइपही दिसत नसेल तर अज्ञात पाइप दिसेल ही आशा सोडा.

६. दोन्ही दिशांनी जाळं टाका

एका दिशेच्या चार लाइन मारून निकाल काढू नका. अर्ध्या ते एक मीटर अंतरानं उभ्या लाइन आणि तितक्याच आडव्या. दगड, मूळ, प्राण्याचं बीळ यांची कमान एका लाइनवर दिसते आणि पुढच्या लाइनवर विरते. पाइप मात्र लाइनमागून लाइन त्याच रांगेत येत राहतो. खडकाळ भरावात कमानींच्या गर्दीतून पाइप ओळखायचा हाच मार्ग आहे.

पाइप दिसत नसला तर चर दिसतोय का बघा. पाइप टाकताना खणलेला चर नंतर बुजवला जातो, पण मातीचे थर तिथे तुटलेले राहतात. चिकणमातीत मला पाइपापेक्षा चराच्या कडा जास्त वेळा सापडल्या आहेत. त्या वरच्या भागात असतात आणि लहर तेवढ्यापर्यंत पोचते.

७. पाइपात काय आहे?

धातूचा पाइप जवळपास सगळी लहर परत पाठवतो. प्लॅस्टिकचा पाइप मातीशी फरक असेल तेवढीच पाठवतो, आणि तो फरक आतल्या पदार्थावर ठरतो. रिकामा प्लॅस्टिकचा पाइप ओल्या मातीत चांगला फरक दाखवतो, कारण डायइलेक्ट्रिक आकडा बाहेर २५ आणि आत हवेचा १. पाण्यानं भरलेला पाइप कोरड्या वाळूत उठून दिसतो, बाहेर ४ आणि आत ८०. पण ओल्या चिकणमातीत पाण्यानं भरलेला प्लॅस्टिकचा पाइप म्हणजे ओल्यात ओलं. त्यात चिकणमाती मुळातच लहर खाणारी, मग ती पुसट छटाही वरपर्यंत येत नाही.

लाइनचा मालक तयार असेल तर एकदा पाइप भरून आणि एकदा रिकामा करून, त्याच जागी, त्याच सेटिंगवर स्कॅन करा. दोन चित्रांत जे बदललं तो पाइप. ही युक्ती फारच थोडे लोक वापरतात आणि ती मला सर्वांत आवडते. अर्थात व्हॉल्व्ह स्वतः फिरवायला जाऊ नका, मालकाच्या माणसाकडूनच करून घ्या.

आकारही बघा. मीटरभर खोलीवर साधारण १० सेंमी व्यासाचा पाइप, असं प्रमाण धरून चाला. दीड मीटरवरची २ सेंमीची प्लॅस्टिकची नळी चांगल्या जमिनीतही सुटू शकते.

८. अँटेना बदलायचा का?

इथून पुढे खर्च सुरू होतो. "मोठी खोली हवी तर कमी मेगाहर्ट्झचा अँटेना" हे ऐकलेलं असतं आणि लोक ४०० सोडून २०० भाड्यानं आणतात. जमीन दगडगोट्यांची असेल तर फायदा खरोखर होतो. दगडांचा आकार लहरीच्या लांबीशी जुळला की लहर विखुरते. लांबी वाढवली की ती दगडांना वळसा घालून जाते. पण जमीन वीजवाहक चिकण किंवा खारट असेल तर या वारंवारतांवर होणारा बराचसा ऱ्हास वाहकतेमुळे असतो आणि वारंवारता उतरवून तो फारसा कमी होत नाही. थोडी खोली मिळते, बदल्यात बारीक वस्तू हरवतात. चिकणमातीसाठी अँटेनावर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगतो. तेच पैसे पुढच्या पायरीला लावा.

९. दुसरं यंत्र घ्या

धातूची लाइन किंवा केबल असेल तर केबल लोकेटर आणा. तो ५१२ हर्ट्झ, ८ किलोहर्ट्झ, ३३ किलोहर्ट्झ अशा कितीतरी खालच्या वारंवारतांवर चालतो आणि जिथे रडार अर्ध्या मीटरवर संपतं त्या चिकणमातीत तो बिनधोक काम करतो. उलट त्याच्या भूसंपर्काच्या खुंटीला ओली जमीनच हवी असते. कोरड्या जमिनीत सिग्नल मिळाला नाही तर खुंटीभोवती बादलीभर पाणी ओता, विद्युतप्रवाहाला परतीची वाट मिळते. रडारचा शत्रू इथे मदतीला येतो.

प्लॅस्टिकच्या पाइपात लोकेटर एकट्यानं काही करू शकत नाही. पाइपाचं तोंड उपलब्ध असेल तर आत सिग्नल देणारी कांडी किंवा तारेची लवचिक काठी सरकवून तिचा माग वरून घेता येतो.

मेटल डिटेक्टर वापरणाऱ्यांचाही प्रश्न मातीचाच असतो, फक्त कारण वेगळं. त्यांना लोहखनिजं छळतात. मॅग्नेटाइट असलेली लाल किंवा काळी जमीन आणि भाजलेल्या विटांचे तुकडे नसलेल्या धातूचा आवाज काढतात, खारट ओली वाळूही काढते. कॉइल (डिटेक्टरची खालची चकती) जमिनीवर खालीवर करत आवाज शांत होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीशी जुळवणी, करा, आणि मातीचा रंग बदलला की पुन्हा करा. आवाज थांबत नसेल तर संवेदनशीलता उतरवा. खोली कमी होते, पण मिळालेला आवाज खरा असतो.

१०. थांबा, परत या

हाही उपाय आहे आणि तो फार कमी वेळा निवडला जातो. काम थांबवता येत असेल तर कोरड्या दिवसांत परत या. थंड प्रदेशात जमीन गोठल्यावर या, गोठलेल्या जमिनीत लहर पुन्हा खोल जाते. गोड्या पाण्याच्या वाळूत ओलावा उतरला की चित्र उजळतं. फुगणाऱ्या काळ्या मातीत मात्र वाट बघण्याचा फायदा मर्यादित आहे, कणांना चिकटलेलं पाणी उन्हाळ्यातही राहतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पाचव्या पायरीतला ज्ञात पाइप दिसला नाही आणि लोकेटरनंही माग लागला नाही, तर स्कॅनिंग थांबवा. आणखी लाइन मारून काही मिळणार नाही. आता चाचणी खड्डाच हवा, तोही हातानं किंवा हवा-पाण्याच्या दाबानं माती सैल करून ओढून घेणाऱ्या यंत्रानं, प्रशिक्षित माणसांकडून. जमिनीखालच्या लाइनच्या माहितीचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एएससीई ३८ मानकात सर्वोच्च, म्हणजे अ, दर्जा फक्त उघडी करून प्रत्यक्ष मोजलेल्या लाइनलाच मिळतो. रडारच्या चित्राला कधीच नाही.

पुढच्या ठिकाणी सुरुवातीलाच थांबा. गॅसची लाइन, उच्च दाबाची वीजकेबल किंवा इंधनाची लाइन असण्याची शक्यता असेल तर लाइनच्या मालकाला कळवल्याशिवाय आणि त्यांचा माणूस हजर असल्याशिवाय जमिनीला हत्यार लावू नका. गॅसचा वास आला तर मशीन बंदचालूही करू नका, तिथून लांब जा आणि मग फोन करा. जुनी युद्धभूमी, सराव मैदान किंवा न फुटलेल्या दारूगोळ्याचा इतिहास असलेली जमीन असेल तर ते काम फक्त त्याच विषयाच्या प्रशिक्षित पथकाचं. तिथे "जरा बघून घेऊ" चालत नाही. मानवी अवशेष असण्याची शंका आली तर स्कॅन करून ठेवा, पण उकरू नका, पोलिसांना कळवा.

आणि अहवालात "इथे काही नाही" हे वाक्य लिहू नका. चिकणमातीत तर कधीच नाही. "मातीच्या वाहकतेमुळे ५० सेंमीखाली सिग्नल मिळाला नाही, त्याखाली लाइन असू शकते" असं लिहा, आणि ती ५० सेंमी कशावरून ठरवली तेही लिहा. पुढचा माणूस तुमचं वाक्य वाचून खोदणार आहे.

चाचणी खड्डा घेतलाच तर बुजवण्याआधी अर्धा तास मागून घ्या. लाइनची खरी खोली टेपनं मोजा, मातीचे थर वरून खालपर्यंत लिहून घ्या, प्रत्येक थराची मूठभर माती बंद पिशवीत ठेवा, शेवटचा पाऊस कधी पडला तेही नोंदवा. मग खड्ड्याशेजारी त्याच लाइनवर पुन्हा एकदा मशीन चालवून त्या खऱ्या खोलीवरून वेग काढा. उरलेल्या सगळ्या साइटचा डेटा त्या आकड्यानं परत तपासता येतो.